टिटवीपाशी ठेवलेला विळा

प्रशिक्षणाला जाऊन आलं की शिक्षकाच्या अंगात येतं. चार दिवसांत उतरतंही. माझं त्या वर्षी उतरलंच नाही. भंडाऱ्याला आम्हाला कूलरसमोर बसवून सांगितलं होतं की मुलांच्या घरचं ज्ञान वर्गात आणा. मी पवनीकडच्या आमच्या धानाच्या गावात परत आले, चौथीच्या वर्गासमोर उभी राहिले आणि जाहीर करून टाकलं: या वर्गात कोणाच्याही घरची गोष्ट खोटी म्हणायची नाही. म्हणेल त्याने दाराबाहेर उभं राहायचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

एप्रिल नुकता लागला होता, सकाळची शाळा. मैदानात कबड्डीच्या पट्ट्याजवळ टिटवीने चार अंडी घातली. घरटं कसलं, नुसता एक खळगा आणि भोवती खडे. अंडी अशी मातकट, ठिपक्याठिपक्यांची की शोधत गेलं तर पायाखालीच यावीत. आम्ही लांबून विटांचं कुंपण केलं. परिसर अभ्यास स्वतःच्या पायांनी चालत शाळेत आला म्हणून मी खूश झाले. रोज लिंबाखाली बसून टिटवी पाहायची आणि घरी तिच्याबद्दल काय म्हणतात ते विचारून यायचं, असा अभ्यास दिला.

शेतकऱ्यांच्या घरून आलं, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. तलावात जाळं टाकणाऱ्यांच्या घरून आलं, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलायला. विणकरांच्या घरून आलं, ती घरावरून ओरडत गेली की घरातलं एक माणूस कमी होतं. त्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, माही मामी तं टिटवी न ओरडताच माहेरी गेली." मी सगळं फळ्यावर लिहिलं. कोणालाही बाहेर उभं करावं लागलं नाही, याचा मला केवढा अभिमान!

मग शेवटच्या रांगेतली एक पोरगी उठली. अर्धं वर्ष झाल्यावर शाळेत आलेली. आई तुमसरला राईस मिलमध्ये कामाला, म्हणून ही गावात आजीजवळ. आजीच्या शेळ्यांचा वास येतो म्हणून खिचडीच्या पंगतीत हिच्या शेजारी कोणी आपणहून बसायचं नाही. ती म्हणाली, "माही आजी सांगते, टिटवीचं अंडं चोचीनं फुटत नाही. टिटवी परीस आनते आन् त्यानं फोडते. पिल्लं निंगतवरी जवळ लोखंड ठेवलं तं त्याचं सोनं होते."

वर्गात मग एकदम कल्ला. त्या दिवशी खिचडीच्या पंगतीत हिच्या शेजारी बसण्यावरून दोघांची मारामारी झाली.

दुसऱ्या दिवशी विटांच्या आत एक जुना विळा होता. आजीचा. तिसऱ्या दिवशी तिथे कुलूप, सायकलची चेन, भाजी चिरायची पावशी, बैलाच्या नालांची जोडी. ही पोट्ट्यांची कामं नव्हती, गाव स्वतः येऊन ठेवून जात होतं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे अंधश्रद्धेचं काय काढलं? वर कळलं तर?" आणि त्याच दिवशी त्यांच्या ऑफिसच्या कपाटाची चावी हरवली. कुठे सापडली ते मी सांगत नाही, सरांची पेन्शन अजून व्हायची आहे. शाळेची घंटा, म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, तोही तिथेच निघाला. घंटाच नाही म्हटल्यावर पोरांनी आपणच मधली सुट्टी करून घेतली.

मला हसू येईना. घरी आले तर सासूबाईंनी अडकित्ता पुढे केला.

"हे काय?"

"ठेवून तं पाहा. आपलं काय जाते?"

"आई, तुम्ही पण?"

"मी कोठं म्हनतो का खरं आहे? मी म्हनतो, ठेवून पाहा."

नेला मी. काय करू? शिकवायचं शाळेत आणि राहायचं घरात.

पण त्या दिवशी टिटवी अंड्यांवर बसेना. एवढा लोखंडाचा बाजार पाहून ती मैदानभर धावत ओरडत होती, आणि ऊन असं की अंडी उकडून निघतील. पोरं लिंबाखाली वाट पाहत बसली होती, सोन्याची. ती पोरगी मात्र उठली आणि तणतणत माझ्याकडे आली.

"मॅडम, सबन लोखंड उचला. टिटवी बसून नाही राहिली. पिल्लं मरन ना!"

"आणि सोनं?"

ती घोटाळली. मग म्हणाली, "आजीचा इळा राहू द्या. त्याची तिले आदत झाली."

सगळ्यांचं लोखंड परत गेलं, कुरकुरत. विळा राहिला. थोड्या वेळाने टिटवी आली, विळ्याला वळसा घालून बसली. आता पोरगीचं सगळं त्या एका विळ्यावर आलं. आजी खरी निघाली तर ती वर्गाची राणी, नाही तर पुन्हा शेळ्यांचा वास. आणि हे मीच करून ठेवलं होतं. परीस नसतो, हे मी एका वाक्यात सांगू शकत होते, पण ते वाक्य म्हटलं असतं तर माझ्याच नियमाने मला दाराबाहेर उभं राहावं लागलं असतं. मी म्हटलं, "पाहू." याच्यापुढे माझं शास्त्र जाईना.

पाहिलं मात्र खरंच. सोन्याच्या लोभाने पोरं शाळा भरायच्या आधी येऊन बसायची, हाक मारली तरी मागे वळून पाहायची नाहीत. टिटवी तलावावरून येते तेव्हा तिचं पोट ओलं असतं आणि ती ते ओलं पोट अंड्यांवर टेकवते, हे पोरगीने शोधलं. एक उठली की जोडीदार बसतो, हे कळलं. त्यातला नर कोणता, यावर वर्गात दोन पक्ष पडले, ते अजून आहेत.

एका सकाळी अंड्याला भेग दिसली. आम्ही सगळे लिंबाखाली पोटावर पालथे. मीसुद्धा, साडी आवरून. टिटवी बाजूला नुसती उभी. चोचीत काही नाही, पायात काही नाही. भेग आतूनच वाढत गेली आणि ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्याने फार वाट पाहायला लावली. टिटवीने रिकामी टरफलं चोचीत धरून लांब नेऊन टाकली.

मग सगळ्यांच्या नजरा विळ्यावर गेल्या. गंजलेला, मुठीपाशी तांबडा झालेला.

"खोटारडी बुढी!" एक जण ओरडला.

मी त्याला बाहेर उभं कुठे करू, आम्ही बाहेरच होतो. पोरगी विळ्याकडे पाठ करून बसली. लोककथा म्हणजे काय, हे सांगायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात फाटकातून आजीच आली. लुगडं खोचलेलं, डोक्याला फडकं. उन्हाळी धान कापायला आला होता आणि तिला तिचा विळा हवा होता. पोरांनी तिला घेरलं.

"आजी, परीस तं निंगालाच नाही!"

"पिल्लं निंगाली काय?"

"चारही!"

"कोनं कोनं पाहाली?"

सगळे हात वर झाले. खोटारडी म्हणणाऱ्याचा पहिला.

"तं मंग?" आजी म्हणाली.

तिने विळा उचलला, धारेवरून अंगठा फिरवला आणि पदराला पुसला. "लोखंडच राहिला, बरं झालं. सोन्याच्या इळ्यानं कोनी धान कापते काय?"

ती चालायला लागली. पोरगी धावत फाटकापर्यंत गेली.

"आजी, तुले माहीत होतं?"

"मले कोठचं माहीत?" आजी मागे न पाहता म्हणाली. "मी तुह्याएवढी होती तवापासून ठेवून पाहून राहिली. पुढच्या साली तू ठेव."