लाईट नव्हती आणि फॅन चालू होता

या ग्रुपवर मी आजवर लोकांचे विचित्र अनुभव फक्त वाचत आलेय. आणि वाचून झालं की मनात म्हणायचे – झोपेत असतील, नाहीतर थापा असतील. मी एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. वस्तू आहे किंवा नाही, मधलं काही मला कळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात पेणला जे झालं, ते या दोन्हींत बसत नाही... म्हणून लिहितेय.

मी राहते रोह्याला लागून, वरसेला. माहेर पेणचं. माझा धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको मनीषा गणपतीचा कारखाना चालवतात. घरामागे पत्र्याची मोठी शेड आणि तिला लागून एक पक्की खोली. पावसाळी हवेत मूर्ती सुकत नाहीत, म्हणून त्या या खोलीत आणायच्या आणि हिटर लावायचा. त्या वर्षी विलासने खोलीच्या खिडक्यांवर जाड प्लास्टिक ठोकलं, भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनवरही ठोकलं, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. एकदा खोली तापली की ऊब आतच राहते, वीज कमी लागते. आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं.

गणपती तोंडावर आले होते. मी रजा टाकून मदतीला गेले. त्या दिवशी सकाळीच लाईट गेली, मग विलासने हिटरऐवजी कोळशाची मोठी शेगडी पेटवून खोलीत ठेवली. धूर असा नव्हताच, छान लालबुंद निखारे. दुपारी जेवून मी आणि मनीषा आत रंगवायला बसलो. आईचे गुडघे पावसात फार दुखतात, तीही उबेला म्हणून कोपऱ्यात चटई टाकून झोपली.

थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं. रंगाचा वास असेल, असं वाटलं. मनीषा जांभया देत होती. पितांबराचा पिवळा रंग मी दोनदा चुकीच्या जागी लावला आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. एरवी तिने हातातला ब्रश काढून घेतला असता.

तेवढ्यात घर्रर्र असा आवाज सुरू झाला. एक्झॉस्ट फॅनचा.

"लाईट आली वाटतं," मनीषा म्हणाली. जीभ जड झाल्यासारखी.

"अगं, पण फॅन कोणी लावला?"

"काय माहीत... बंद करा ना ताई. ऊब जाईल सगळी."

मी वर पाहिलं. फॅनवरचं प्लास्टिक भिंतीकडे ओढलं जात होतं, ताणून खोलगट झालं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फॅनचं बटण बाहेर ओसरीवर आहे. चिडूनच उठले. दार उघडून बाहेर आले आणि गार वारा तोंडावर आला – तशी मला भडाभडा उलटी झाली.

भिंतीला धरून बटणाकडे पाहिलं. बटण बंद होतं. ओसरीवरच्या दिव्याचं बटण चालू, पण दिवा बंद. लाईट आलीच नव्हती.

मग आत पाहिलं, तर मनीषा पाटावर डोकं टेकून पडलेली. हाक मारली, ओ नाही. त्या क्षणी मला काय कळलं ते सांगता येणार नाही, पण या खोलीत थांबायचं नाही एवढं कळलं. श्वास रोखून आत गेले आणि आईला चटईसकट ओढत ओसरीवर आणलं. मनीषाला काखेत हात घालून ओढलं. जीव खाऊन ओरडले. शेडमधून विलास धावत आला.

मनीषाला उघड्यावर जाग आली. आई मात्र डोळे उघडेना. विलास तिच्या तोंडावर पाणी मारत नुसता "आये, आये" करत होता. मी तिचा हात धरून बसले होते. पागोळ्यांचं पाणी तिच्या पायांवर पडत होतं... आणि तिने पाय आखडून घेतले.

"नंदे, मला भिजवतंस कशाला गो?"

एवढं गोड मला आयुष्यात कोणी ओरडलेलं नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. अजून थोडा वेळ आत राहिला असतात तर कठीण होतं. मी फॅनचं सांगितलं. ते म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की कानात आवाज येतात. मानलं. पण मनीषाला आणि मला एकच आवाज, एकाच वेळी?

घरी आल्यावर विलासला विचारलं. तो मला खोलीत घेऊन गेला आणि फॅनवरचं प्लास्टिक फाडलं. आत नुसती जाळी. मोटर जळली म्हणून त्याने अख्खा फॅन पावसाआधीच काढून दुरुस्तीला दिला होता, मनीषालाही ते माहीत नव्हतं. बाहेरच्या बाजूने प्लायवुड ठोकलेलं, खिळे जागच्या जागी.

मनीषा म्हणते बाप्पाने वाचवलं. मी खूप विचार केला, काहीच हाती लागलं नाही. हल्ली शोधतही नाही.

आता तिथे शेगडी नाही, प्लास्टिक नाही, दोन्ही खिडक्या उघड्या असतात. मूर्ती उशिरा सुकतात, चालतं. काल फोन केला तर मागून आईचा आवाज येत होता – "बंद करा रे ती खिडकी, गार लागतंय." कोणीही उठलं नाही. मनीषाने तिच्या अंगावर दुसरी गोधडी घातली.