आगेऱ्यानंतरचा सोमवार

पायस मास्तराला भातातलं काही म्हणजे काही कळत नसे. आता बाळकुमात सात वर्षं राहून, तिथलाच भात दोन्ही वेळा चापून माणूस इतका कोरा राहतो म्हणजे कमालच की नाही! पण तो पडला ठाणे शहरातल्या टेंभी नाक्याचा. बाप शिंपी, आणि पोराला नाद फिडलचा न् पुस्तकांचा. बाळकुमला तो पहिल्यांदा आला तो एका लग्नात फिडल वाजवायला. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, वहीत सही करायची वेळ आली, तेव्हा नवऱ्यासकट सगळ्यांनी अंगठे उठवले. “अहो, या पोरांना कोणी शिकवत कसं नाही?” मास्तर बोलून गेला. नवऱ्याचा बाप अल्फान्सो म्हणाला, “मंग तुमीच शिकवा ना!” झालं! वाजवायला आलेला माणूस कायमचा राहिला.

शाळा भरायची अल्फान्सोच्या ओटीवर. ती ना सरकारची, ना मिशनची. पाद्रीबाबांनी एकदा येऊन पवित्र पाणी शिंपडलं, तोंड भरून आशीर्वाद दिला, आणि पुढचं सगळं गावावर सोपवलं. गावच्या ख्रिस्ती घरांतले एकतीस मुलगे सकाळी येत, प्रार्थना, वाचन, पाढे, थोडं इंग्रजी शिकून उन्हं कलली की घरी जात. मास्तर छडी ठेवी, पण ती फळा दाखवायला. मारायची म्हटलं की त्याचा हातच उचलत नसे.

अठराशे शहाऐंशी सालची गोष्ट. आदल्या वर्षी ठाण्याहून डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, आले, तेव्हा गोवराची साथ होती आणि अठराच पोरं हजर. डिपोटी म्हणाले, “पुढच्या खेपेस पंचवीस मुलं दिसली नाहीत, तर सरकारी यादीतून शाळेचं नाव काढावं लागेल.” नाव गेलं की पोरांना ठाण्याच्या हायस्कुलाची परीक्षा बंद. मग शाळेत पाठवणार कोण? वर्षभर मास्तर रोज दोनदा पोरं मोजत होता.

ऑक्टोबरात डिपोटींचं पत्र आलं: शुक्रवारी येतो. रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. मास्तराने डोकं चालवलं! सणानंतर पोरांची पोटं भरलेली, अंगात नवे सदरे, चेहरे खुललेले. त्याने लगेच उलट लिहिलं, ‘कृपा करून सणानंतरचा सोमवार द्यावा.’ डिपोटींनी दिलाही. आणि ही गोष्ट त्याने कोणाजवळ बोलू नये? डिपोटी म्हटलं की पोरांची बोबडी वळायची, म्हणून हा शहाणा गप्प बसला.

आगेरा थाटात झाला. वाजतगाजत भाताच्या लोंब्या देवळात नेल्या, पाद्रीबाबांनी त्यांच्यावर आशीर्वाद मागितला, आणि सगळ्यांत पुढे फिडल कोणाची? मास्तराचीच! पण हा आशीर्वाद होईपर्यंत पिकाला कोणी विळा लावत नाही, आणि झाला की दुसऱ्या दिवशी घरात कोणी थांबत नाही, हे दर वर्षी सण झाला की आठवडाभर बापाकडे ठाण्याला जाणाऱ्या त्या फिडलवाल्याच्या ध्यानातच आलं नाही.

सोमवारी मास्तर काळा कोट घालून ओटीवर उभा. समोर पोरं दोन. एकाचा पाय मुरगळलेला, दुसऱ्याला गळू. तेवढ्यात टांगा थांबला. पागोटं, उपरणं सावरत डिपोटी उतरले.

“मुलं कुठायत, मास्तर?”

“येतील साहेब, येतीलच.”

आली अल्फान्सोची बायको सुझाना, डोक्यावर पेजेचं मडकं घेऊन. “मास्तर, आज कसली शाला? आज कापनी नाय का!”

मास्तर डिपोटींकडे वळला. तो म्हणाला, “साहेब, पोरांचा दोष नाही. हा दिवस मीच मागून घेतला. मला भातातलं काही कळत नाही हो!”

डिपोटींना वाईट वाटलं, ते दिसतही होतं. पण ते म्हणाले, “हजेरी शाळेतच घ्यायची, असा नियम आहे. मी तरी काय करू?”

“शालाच पायजे ना?” सुझानाने मडकं खाली ठेवलं. “मंग नेऊ की शाला शेतावर!” तिने फळा उचलून सरळ डोक्यावर घेतला आणि अशी हाळी दिली की चार बांधांवरून माणसं धावली. टेबल गेलं, बाकं गेली, घंटा गेली. डिपोटी ज्या खुर्चीवर टेकायच्या बेतात होते, तीही गेली. लंगडं पोर अल्फान्सोच्या खांद्यावर, गळवाचं पोर पाठोपाठ, आणि मागून पुणेरी जोडे हातात घेऊन चिखल तुडवत डिपोटी. मास्तर चालता चालता सगळ्या संतांना हाका मारत होता.

बांधावर शाळा मांडली. घंटा झाली तशी पोरं विळे खाली टाकून, गुडघाभर चिखलानिशी रांगेत उभी राहिली. एकतीसच्या एकतीस! डिपोटींनी दोनदा मोजली. मास्तराला वाटलं, आता इथेच नाचावं.

डिपोटी खुलले. म्हणाले, “एका बांधावर सात पेंढ्या, तर तेरा बांधांवर किती?”

“एक्क्याण्णव!”

उत्तर रांगेतून आलंच नाही. पलीकडे म्हशीवर बसलेलं एक उघडंबंब पोर ओरडलं होतं.

“हा हजेरीत आहे का?”

“नाही साहेब,” मास्तर चकित होऊन म्हणाला. “हा शाळेत कधी आलाच नाही. घरची म्हैस राखायची असते ना!”

डिपोटींनी त्याला खाली बोलावलं, काठीने मातीत नाव लिहायला लावलं. पठ्ठ्याने लिहिलं. ते बघून पेंढ्यांमागून दुसरा आला, मग तिसरा, मग मिठागरावर बापाच्या हाताखाली राबणारे दोघे. “माझं पण बघा, माझं पण!” सोळा पोरं! कोणी पाढे म्हटले, कोणी प्रार्थना वाचली. मास्तर आ वासून बघत राहिला. ही अक्षरं त्याची, ही बोलायची ढबही त्याचीच, आणि पोरं मात्र त्याने शिकवलेली नव्हती.

“तुझा मास्तर कोण रे?” डिपोटींनी म्हशीवाल्याला विचारलं.

“जुजे. माझा मोठा भाव,” त्याने रांगेतल्या एकाकडे बोट दाखवलं.

“आणि तुझा?”

“हा मिंगेल. सांजच्याला शिकवतं.”

एकानेही पायसचं नाव घेतलं नाही. सुझाना खवळली, “मेल्यांनो, मास्तराचं नाव घ्या की!”

“नको, सुझानाबाय, नको!” मास्तर हसत होता आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत होता. “बरोबर सांगतायत ती. अगदी बरोबर!” इतका आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता.

डिपोटींनी टेबलावर कागद पसरला. शाळेचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, मुलं एकतीस हजर, असं लिहिलं. मग टाक दौतीत बुडवून विचारलं, “शिक्षक किती?”

चिखलातल्या त्या रांगेकडे मास्तराने एकदा डोळे भरून पाहिलं.

“लिहा साहेब,” तो म्हणाला, “बत्तीस.”