मग बसणार कोण?

सोलापुरात चित्रकार किती आहेत हे महापालिकेला ठाऊक नसेल, मला आहे. त्यातल्या बहुतेकांच्या फ्रेमा माझ्याच दुकानात होतात. वीरभद्रप्पा माझं नाव, सगळे अप्पा म्हणतात. तीस वर्षं काचा कापतोय, त्यामुळे कलेविषयी माझा आदर बेताचाच आहे. चित्र कसंही असलं तरी चालतं, कोपरे काटकोनात पाहिजेत. तरी या गावात एका जोडप्यापुढे मी हात टेकले आहेत. सुबोध बोरामणीकर सर आणि मालतीवहिनी.

दोघंही चित्रकार. एकाच कॉलेजात, एकाच वर्षी शिकले. वहिनींना मार्क जास्त पडले होते. हे सर स्वतःहून सांगतात, आणि त्या वर्षीचे परीक्षक कसे होते तेही लगेच सांगतात. सर हायस्कूलात ड्रॉइंग शिकवतात आणि उरलेला वेळ स्वतः परीक्षक असतात. रांगोळी, मेंदी, गणपतीची आरास, एकदा तर सुदृढ बालक. खांद्यावर शाल आणि हातात नारळ नाही असे सर मी फार कमी वेळा पाहिलेत. वहिनी सकाळी अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यासाठी चादरीवरचे मोर काढतात, चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजून. दुपारी स्वतःचं चित्र. ते अर्ध्यावर आलं की क्लासची पोरं दारात. घरात स्कूटर एकच. नवरा आत्ता कुठे आहे हे वहिनींना कलामंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळतं. फोटोत सर बक्षीस देताना दिसले की त्या कुकर लावतात.

पण गावात वहिनी यातल्या कशासाठीच प्रसिद्ध नाहीत. त्या प्रसिद्ध आहेत बसण्यासाठी.

आमचं मंडळ वर्षातून एकदा व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक ठेवतं. स्टेजवर खुर्ची, खुर्चीत मॉडेल, समोर चित्रकार, आणि दीडशे लोकांच्या देखत दोन तासांत चित्र पुरं. चित्रकार ठरलेला, बोरामणीकर सर. मॉडेलही ठरलेलं असतं, फक्त ते येत नाही. एका पैलवानाने आदल्या दिवशी हौसेने मिशा काढल्या आणि मग लाजून फोन बंद ठेवला. एक धनगर आजोबा आले, गर्दी बघितली आणि मेंढरं एकटी आहेत म्हणून परत गेले. अशा वेळी सर हॉलभर नजर फिरवतात आणि शेवटी म्हणतात, "मालती, बस."

वहिनी बसतात. दोन तास पापणी हलत नाही. पत्रिकेत 'धनगर' छापलेलं असलं तर सर त्यांना पटका बांधतात आणि मिशा मनाने रंगवतात. तेवीस वर्षांत वहिनी धनगर झाल्या, पैलवान झाल्या, कुंभार झाल्या, एकदा निवृत्त पोस्टमन झाल्या. लोक सरांसाठी टाळ्या वाजवत आणि वहिनी अवघडलेली मान चोळत कपबश्या गोळा करायला जात.

यंदाच्या मीटिंगमध्ये चहा पिता पिता वहिनी म्हणाल्या, "यंदा प्रात्यक्षिक मी देते."

सर रागावले नाहीत, माणूस तसा वाईट नाही. ते खरोखरच गोंधळले. "दे की," ते म्हणाले, "पण मग बसणार कोण?"

मला इतका संताप आला की माझं बिस्किट चहात बुडालं. वहिनी तिथे नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र दुकानात येऊन बोलल्या. "अप्पा, पन्नाशी आली. गाव मला ओळखतं ते हलत नाही म्हणून, चित्र काढते म्हणून नाही. हे एकदा सगळ्यांसमोर जमलं पाहिजे. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून मी गुपचूप खुर्चीत."

"फ्रेम माझ्याकडून," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

मॉडेल सरांनीच शोधलं. वळसंगच्या केराबाई, वय ऐंशीच्या घरात, चेहऱ्यावर अशा सुरकुत्या की चित्रकारांनी रांग लावावी. आणि नवल म्हणजे त्या वेळेवर आल्या. लुगडं कडक, काखेत पिशवी. खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"काही नाही आजी. नुसतं बसायचं, दोन तास."

"नुसतं?" केराबाई उठल्याच. "बिनकामाची बसले ती फकस्त लोकांच्या मयताला. हितं कोन मेलंय?"

विनवण्या झाल्या, चहा झाला. केराबाई खाली उतरून पहिल्या रांगेत बसल्या. "तू काड पोरी, मी हितनं बगते की."

खुर्ची रिकामी. सवयीने दीडशे माना वहिनींकडे वळल्या, पण वहिनींच्या हातात ब्रश होता. मग त्या माना हळूहळू सरांकडे वळल्या. सरांनी मागे वळून बघितलं, मागे भिंत होती.

"अहो, बसा," वहिनी म्हणाल्या.

सर बसले, आणि या माणसाला बसता येत नाही हे गावाला प्रथमच कळलं. दोन मिनिटांत म्हणाले, "आधी सावल्या घे." पाचव्या मिनिटाला उठून कॅनव्हास बघून आले. "नाक लांब झालंय." परत बसले ते भलतीकडेच तोंड करून. मग चष्मा काढला, मग घातला, मग पायाला मुंग्या आल्या.

"ए मास्तर, गप बस की!" केराबाई ओरडल्या. "लई वळवळतंय बाई हे."

तेवढ्यात फोन वाजला. एका महिला मंडळाच्या रांगोळ्या तयार होत्या आणि परीक्षकांचा पत्ता नव्हता. परीक्षक आमच्या स्टेजवर होते. सरांनी दोन्हीकडे चारचीच वेळ दिली होती. "मालती, अर्ध्या तासात आलोच," म्हणत सर उतरले आणि खरंच निघून गेले. मी कपाळाला हात लावला. जागा जाऊ नये म्हणून केराबाईंनी खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवली. त्या खुर्चीत त्या दिवशी शांत बसली ती तेवढीच.

वहिनींनी पिशवीकडे बघितलं. मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि झालेलं सगळं पुसून टाकलं. सव्वा तास उरला होता आणि कॅनव्हास कोरा होता. मंडळाचे अध्यक्ष घाम पुसत आभारप्रदर्शन आत्ताच उरकावं का म्हणून विचारायला लागले. त्यांना मी दंडाला धरून खाली बसवलं.

वहिनींनी नव्याने सुरुवात केली. खुर्चीकडे एकदाही बघितलं नाही. हात असा चालला होता की जणू कुणी समोर बसून सांगतंय. अर्ध्या तासाने केराबाई खुदकन हसल्या. मग दुसरी रांग हसली, मग मागची पोरं. मला वाटलं, बिघडलं. धीर करून मीही स्टेजजवळ गेलो, बघितलं, आणि हसू आवरेना.

दोन तास संपता संपता सर आले, खांद्यावर शाल, हातात नारळ. "काय झालं? हसताय कशाला?" म्हणत कॅनव्हाससमोर येऊन उभे राहिले.

चित्रात सर होते, पण खुर्चीत बसलेले नव्हते. चित्र काढणारे सर होते. चष्मा कपाळावर, डावा डोळा घट्ट मिटलेला, नाकाला रंग लागलेला, आणि दातांमधून जिभेचं टोक बाहेर आलेलं.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

"तुमीच की वो मास्तर!" केराबाई म्हणाल्या.

सर माझ्याकडे वळले. "अप्पा, मी असं करतो?"

"चित्र काढताना? कायम," मी म्हणालो.

"मालती, हे तू कधी बघितलंस?"

"तेवीस वर्षं बघतेय," वहिनी ब्रश पुसत म्हणाल्या. "तुम्ही चित्र काढत होता तेव्हा मी काय भिंतीकडे बघत होते?"

त्या हसत म्हणाल्या, तरी मला भरून आलं, आणि चारचौघांत भरून आलेलं मला अजिबात आवडत नाही. सर बराच वेळ उभेच. इतके स्थिर ते दिवसभरात पहिल्यांदाच होते.

"नाक बरोबर आलंय," ते शेवटी म्हणाले. मग घसा खाकरून हळूच, "आता तू बस ना. पटका-बिटका नाही. तू म्हणूनच बस."

"आज नाही जमायचं, साडेसहाला क्लास आहे," वहिनी म्हणाल्या आणि सरांकडून स्कूटरची किल्ली घेऊन निघाल्या.

चित्र ओलं होतं, ते मी सांभाळत बाहेर आणलं. स्कूटर वहिनी चालवत होत्या. सर मागे बसले होते, मांडीवर नारळ. आरशात त्यांना वहिनींचा चेहरा दिसत असावा, कारण ते तिकडेच बघत होते, डावा डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून.