झाईच्या बाईंचे माइल

मार्गशीर्षातली थंडी, साल दोन हजार अठरा. सायवनच्या नाक्यावर मी सकाळच्या एसटीची वाट बघत उभी होती. पिशवीत भाकर, बटणांचा फोन आणि एक प्लास्टिकचं कार्ड. कार्डावर विमानाचं चित्र, त्याच्याखाली माझं नाव. जावईबापूंनी दिलेलं; त्या दिवशी बोर्डीला त्यांचा विमानाच्या तिकिटांचा क्लास होता. "आई, बोर्डीला येताना कार्ड विसरू नका," म्हणून त्यांचे दोन फोन आले होते आणि फोन विसरू नका म्हणून तिसरा.

पाड्यातल्या बाया रोज विचारतात, देवके, त्या दिवशी बोर्डीला काय झालं? एकेकीला सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

आधी माइल म्हणजे काय ते ऐका. विमानाची कंपनी गिऱ्हाइकाला बक्षीस देते, त्याला माइल म्हणतात. कार्डावर सामान घेतलं तरी ते मिळतात. भरपूर साठले की त्याच्यावर तिकीट निघतं, वरचा कर तेवढा आपण भरायचा. हे मला झाईच्या नलूबाईंनी समजावलं. नलूबाई शाळेत शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. त्यांच्या शाळेला लागून जी वाडी आहे, तिथं राहून मी तीस वर्षं चिकू निवडले. नवरा ताडावरून पडून गेला तेव्हा माझी सुरेखा पोटात होती. ती झाली, तिला पाठीला बांधली आणि विसाव्या दिवशी कामावर गेली. न जाऊन सांगते कुणाला? दुपारच्या सुट्टीत बाईंनी मला चिकूच्या खोक्यावर कोळशानं सही शिकवली. माझी शाळा तेवढीच.

बाई हातात येईल ते वाचतात. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा सोडत नाहीत. तसंच कंपन्यांचं वाचून वाचून त्यांनी माइल साठवायच्या युक्त्या शोधल्या आणि मोबाइलच्या ग्रुपवर लिहून टाकल्या. कुठलं भेटकार्ड घेतलं की दुप्पट मिळतात, कुठल्या दिवशी तिकीट स्वस्त पडतं, सगळं. फुकट. ग्रुपमध्ये डहाणूचे नोकरीवाले लोक होते. आमचे जावईबापूही होते.

बोर्डीला जायच्या दोन दिवसांआधी बाईंचा फोन आला होता.

"देवकीताई, माझी पोरगी गुवाहाटीला खाटेवर पडून आहे. सातवा महिना. डॉक्टरनं उठायचं नाही सांगितलंय, घरात दुसरं माणूस नाही. मला जायचंय गं."

"मग जा की. तुमचे माइल आहेत ना?"

"होते पुरत. कंपनीनं नियम बदलला. दुप्पट बंद केलं, तिकिटाचे माइल वाढवले. आता अर्ध्यावर लटकलेय मी. गाडीनं तीन दिवस बसायचं तर ही कंबर पोचायची नाही."

मी हं हं केलं.

तर नाक्यावर एसटी आली. उधव्याच्या पुढं टायर बसला. कंडक्टर बोलला, "उतरा, पाय मोकळे करा." पाय मोकळे करायला बघा सरकार कसं मदत करतं. अर्धा तास रस्त्यावर उभं राहून मग तलासरीला पोचली. नाक्यावर ट्रकच ट्रक, धूर, हॉर्न. एका बाईकडे भजी घेतली.

"मासी, क्यां जवानुं? (मावशी, कुठं जायचं?)" तिनं विचारलं.

"बोर्डीला. तिथं फुकट विमान शिकवतात."

"फुकट?" तिनं झारा थांबवला. "मग तुम्ही भजी पण फुकट मागाल!"

"नाय गं. तिथं शिकायची फी आहे."

ती एवढी हसली की दोन भजी जास्त टाकली.

तिथून जीपमधून बोर्डी. बोर्डी आली की आधी वाड्या दिसतात, मग नारळ, मग समुद्राचा वास येतो. रस्त्याकडेला उबाडियोचा (मडक्यात पापडी आणि कंद घालून भाजतात ते) धूर. मला उतरून खायचं होतं, पण जावईबापू फाटकातच उभे. टाय घातलेला. लग्नातसुद्धा त्यांनी टाय घातला नव्हता.

"आई, या या. उशीर केलात. कार्ड आणलं? फोन आणला?"

"जीवही आणलाय, जावईबापू."

चिकूच्या वाडीत एक हॉल भाड्यानं घेतला होता. दारावर कापडी बोर्ड, जावईबापूंनी वाचून दाखवला, 'फुकट उडा!' त्याच्याच खाली टेबल मांडून फी घ्यायला माणूस बसवला होता. आत पन्नासेक लोक. वापीचा एक दुकानदार, डहाणूचे डॉक्टर नवराबायको, पालघरचे दोन मास्तर, गळ्यात सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या. माझ्याही गळ्यात घातली, बाजारातल्या बकरीसारखी. प्रत्येकाला छापील पुस्तक दिलं. पुढच्या पानावर जावईबापूंचा फोटो, हाताची घडी घालून आभाळाकडे बघताना.

मला स्टेजवर बसवलं. जावईबापू माईकमध्ये बोलले, "ह्या माझ्या सासूबाई. आयुष्यभर मजुरी केली. शाळेचं तोंड बघितलं नाही. गेल्या वर्षी माझ्या माइलवर विमानानं जयपूर बघून आल्या! आणि आज यांच्या खात्यात एवढे माइल आहेत की देशात कुठंही जाऊन येतील."

टाळ्या. मला तेव्हा कळलं की माझं खातं आहे आणि ते भरलेलं आहे. एका माणसाला एकच खातं चालतं, म्हणून त्यांनी बायको, आई, सासू, सगळ्यांच्या नावावर उघडली होती. दिवाळीत वह्यांची करतात तशी पाट मांडून खात्यांची पूजा करायची तेवढी बाकी होती.

मग ते पुस्तकातलं वाचून दाखवायला लागले. "विमानात अडकित्ता नेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका आजीचा नवऱ्याच्या आठवणीचा अडकित्ता तपासणीत गेला. सामानाच्या मोठ्या पेटीत टाकला असता तर वाचला असता." लोक हसले.

मी हसली नाही. तो माझा अडकित्ता. नवऱ्याची तेवढीच वस्तू घरात होती, ती जयपूरला जाताना गेली. परत आल्यावर मी ते फक्त नलूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी मला विचारून, माझं नाव न घालता ग्रुपवर लिहिलं, दुसऱ्या कुणाची वस्तू जाऊ नये म्हणून. जावईबापूंनी ते जसंच्या तसं उचलून छापलं होतं. त्यांना माहीतही नव्हतं की ती आजी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसलीय. मग बाकीचं पुस्तक कुणाचं असेल ते सांगायला मला वाचता यायची गरज नव्हती.

वापीच्या दुकानदारानं हात वर केला. "सर, ते दुप्पटवाळा भेटकार्ड बंद का झाला?"

जावईबापूंची छाती फुगली. "आपल्यामुळे! आपल्या चार बॅचनी एवढी कार्डं उचलली की कंपनी घाबरली. यालाच म्हणतात ताकद!"

पुन्हा टाळ्या. माझ्या डोळ्यापुढं बाईंची पोरगी आली, खाटेवर पडलेली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बाजूला घेतलं. जावई म्हणजे मान. मी आवाज खाली ठेवला.

"जावईबापू, या सगळ्या युक्त्या नलूबाईंच्या ना?"

"आई, ती माहिती आहे. माहिती सगळ्यांची असते. त्यांनी ग्रुपवर टाकली, मी नीट मांडली. मेहनत माझी आहे."

"मेहनत केलीत, दिसतंय. टाय बांधलाय. पण तुमच्या चार बॅचनी त्यांचं तिकीट गेलं. त्यांना लेकीकडे जायचंय. एक तिकीट काढून द्या तुमच्यातलं."

"भावनेवर धंदा होत नाही, आई." मग त्यांना माझी दया आली बहुतेक. "असं करू. बाईंना पुढच्या बॅचला सवलत देतो. अर्धी फी."

बाईंना बाईंचंच शिकवायची अर्धी फी. ते मस्करी करत नव्हते.

"आणि आई, जेवणानंतर मी पडद्यावर तुमचं खातं उघडणार, सगळ्यांसमोर तिकीट काढून दाखवणार. तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला सांगायचे. एवढंच काम."

एवढंच काम म्हणे. म्हणजे टायरपंक्चर एसटीतून मला आणली ती जयपूरची गोष्ट सांगायला नाही, त्या आकड्यांसाठी.

मी ताट ठेवलं, पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर रिक्षा थांबवली. झाई काही लांब नाही.

बाई ओट्यावर बसून होत्या, कंबरेला पट्टा. मला बघून घाबरल्या, मग लिली चा (गवती चहाची पात घालून केलेला चहा) करायला उठल्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. कार्ड पुढं केलं.

"नको गं," बाई बोलल्या. "तुझ्या जावयाचे, दिनेशचे माइल आहेत ते. कसे घेऊ?"

"कार्डावर नाव कुणाचं?"

"तुझं."

"मग मी देते."

"आणि खरं सांगू? माझे तरी कुठले होते? कंपनीच्या नियमात फट दिसली, मी हात घातला. दिनेशनं जरा मोठा हात घातला."

बाई अशाच. स्वतःच्या विरुद्ध पण नीट बोलतात. मला कंपनीचं काही कळत नाही. कंपनीनं माझा अडकित्ता घेतला, तो काय तिनं मला विचारून घेतला? पण आमच्या पाड्याचं मला कळतं. श्रावणात अळंबी निघतात. रानात जिला जागा सापडते ती दुसऱ्या बायांना हाक मारते. मग आधी तिनं खुडायची, आणि बाकीच्यांनी खुडल्यावर आपापल्यातली पहिली ओंजळ तिच्या टोपलीत टाकायची. कुणी लिहून ठेवलं नाही. न टाकणारीला पुढच्या साली कुणी हाक मारत नाही, बस. मी बाईंना ते सांगितलं.

"ही तुमची ओंजळ. उशिरा आलीय, घ्या."

बाईंनी चष्मा लावला. मोबाइलवर कार्डाचा नंबर टाकला. "आता तुझ्या फोनवर आकडे येतील."

आले नाहीत. आला तो मेसेज, बाईंनी वाचला, गुजरातमध्ये तुमचं स्वागत आहे. झाईत असंच होतं. माणूस महाराष्ट्रात बसलेला असतो आणि फोन न विचारता सीमा ओलांडून जातो. अंगणात गेली, काही नाही. शेवटी दोघी किनाऱ्यावर निघालो, मी पुढं, बाई मागून कंबर धरून. बोंबील वाळत घातले होते. मी फोन वर धरून फिरायला लागली.

एक कोळीण ओरडली, "अगं आजी, आभाळाला काय दाखवतेस?"

"आभाळ नंबर पाठवणार हाय!"

"मला पण एक माग!"

आणि फोन वाजला. आकडे. मी एकेक वाचला, बाईंनी एकेक दाबला. आकडे मला येतात, खोकी मोजण्यात जन्म गेला. गुवाहाटी, परवाचं, सकाळचं. कर त्यांनी स्वतःच्या कार्डावर भरला. मग त्या वाळूतच बसल्या आणि तोंडावर पदर घेतला.

तेवढ्यात जावईबापूंचा फोन. मागून लोकांचा गलका ऐकू येत होता.

"आई! कुठं आहात? सगळे पडद्याकडे बघत बसलेत. आकडे आले का?"

"आले."

"सांगा लवकर!"

"बाईंना सांगितले."

गलका लांब गेला, ते हॉलबाहेर आले असावेत. मग बारीक आवाजात, "कुठल्या बाईंना?"

"ज्यांना तुम्ही अर्धी फी लावणार होतात."

फोन बंद झाला. बाईंनी पदर काढला, डोळे पुसले आणि लगेच मोबाइलवर लिहायला लागल्या. काय लिहिता विचारलं, तर बोलल्या, "ग्रुपवर टाकते. अजून कुठल्या दिवशीची तिकिटं शिल्लक आहेत ते. कुणाला लागतील."

मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. "आधी विमानात बसा. मग लिहा."

संध्याकाळच्या आत बोर्डीवरून तलासरी, तिथून सायवनची एसटी. खिडकीजवळ जागा मिळाली. उधव्याच्या आधी सुरेखाचा फोन.

"आई, काय केलंस तू? हे किती चिडले होते! पण आता शांत झालेत. बाईंनी ग्रुपवर तिकिटासकट आभार मानले ना, त्याचा फोटो यांनी क्लासच्या जाहिरातीत टाकलाय. 'आमच्या पद्धतीनं झाईच्या निवृत्त शिक्षिका लेकीकडे.' खूप जणांनी विचारलं म्हणे पुढच्या बॅचचं."

मला वाटलं होतं मी काहीतरी केलं. बाई लेकीकडे पोचतील, तेवढं खरं झालं. बाकी जावईबापूंनी त्याचीही बॅच केली. ज्याला विकायचंच आहे त्याच्यापुढं तुम्ही चांगलं केलंत तरी तो त्याला किमतीची पट्टी लावतो. मी या वयात त्यांना काय शिकवणार? आणि जयपूरला मी पण गेलीच होती, त्याच माइलवर, खिडकीशी बसून. तेव्हा मी कुठं विचारलं होतं, हे कुणाचे?

शेजारची बाई बोलली, "मावशी, विमानाचं काय ते बोलत होता? फुकट मिळतं?"

मी तिला सगळं सांगितलं. कार्ड, माइल, कर, अडकित्ता पेटीत टाकायचा. ती मान हलवत होती. सायवन आलं तेव्हा मी विचारलं, "ही युक्ती कुणाची?"

"तुमची."

"नाय. झाईच्या नलूबाईंची. बोल."

"झाईच्या नलूबाईंची."

"पुन्हा बोल," मी बोलली आणि ती बोलल्यावरच उतरली.