घोंगडीवरचे नाकतोडे

मेंढरं माळावर सोडण्याआधी बिराप्पाअण्णा खांद्यावरची घोंगडी गवतावर पसरायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. काठीनं भोवतालचं गवत हलवलं की नाकतोडे टणाटण घोंगडीवर येऊन पडत. हिरवे, जाड डोक्याचे जास्त दिसले की म्हणायचे, "रस हाय गवतात." मातकट, बारके जास्त असले तर घोंगडी झटकून कळप पुढं हाकायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यावर टोपी, हातात जाळी आणि गळ्यात शिट्टी अशा अवतारात संतपूरच्या माळावर उभा होतो. शिट्टी कशासाठी होती, ते मला आजही सांगता येणार नाही. बी.एस्सी. कशीबशी झाली होती आणि विद्यापीठातल्या एका सरांनी मला नाकतोडे मोजायला ठेवलं होतं. दर महिन्याला गावोगावच्या माळांवर जायचं, जाळी फिरवायची, रजिस्टरात आकडे लिहायचे.

"काय मास्तर, मच्छरदानी घेऊन कुठं निघालास?" ही आमची ओळख.

चार-पाच वर्षांत घोंगडीवरचे हिरवे कमी होत गेले. मातकट वाढले. एकदा त्यातला एक चिमटीत धरून अण्णा म्हणाले, "ह्ये तर खालच्या गुलबर्ग्याकडले. हिवाळ्यात कळप घेऊन जायचो तवा बघितलोय म्या. हितं वर कामून आलेत?"

मी ऐटीत सरांचं वाक्य फेकलं. उन्हाळे तापायला लागले की किडे जुना मुलूख सोडून सोसेल तिकडं सरकतात.

अण्णांनी चिमटीतला नाकतोडा सोडून दिला. मग म्हणाले, "त्येंला पंख हायत. माझी मेंढरं कुठून सरकायची?"

माळाच्या चारी बाजूंनी सोयाबीन आलं होतं आणि सोयाबीनला तारेचं कुंपण. गुलबर्ग्याकडची जुनी वाट केव्हाच बुजली होती. "माळ न्हाई ऱ्हायला, खुराडं झालंय," असं ते येता-जाता म्हणायचे.

त्या भादव्यात ते स्वतःहून माझ्याकडं आले. "गावोगाव फिरायलास. माझे हिरवे कुठं गेलेत तेवढं सांग. तिथं कळप नेतो. न्हाईतर इकावा लागतोय."

मी रजिस्टर उघडलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "जनवाडा! भरपूर आहेत."

आता खरं सांगतो. जनवाड्याच्या माळावर मी दोन वर्षं फिरकलोच नव्हतो. ऊन कडक असायचं आणि स्टँडसमोरच्या गाड्यावर भजी गरम. गेल्या खेपेच्या आकड्यात चार-दोन इकडंतिकडं करून मी नवा आकडा तयार करायचो. तो खरा वाटावा म्हणून मध्येच एखाद्या महिन्यात थोडा कमीही लिहायचो. एवढी अक्कल होती.

अण्णा दोन दिवस चालून गेले. माळ केव्हाच नांगरला गेला होता. दोन कुंपणांमधल्या बोळात कळप अडकला. पुढं तार, मागं मेंढरांचीच रेटारेटी. उपाशी मेंढरांनी तारेतून माना घालून औषध फवारलेलं सोयाबीन खाल्लं. नऊ मेली.

ते परत आल्यावर मी कबूल केलं, "अण्णा, आकडा माझ्या मनाचा होता."

मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. ते एवढंच म्हणाले, "न्हाई तर न्हाई म्हणून लिव्हायचं की रं. न्हाई लिव्हायला काय जड जातंय?"

दसऱ्याच्या आत कळप विकला गेला. अण्णा हैदराबादला मुलाकडं निघाले. तिथं एका इमारतीच्या फाटकावर वॉचमनचं काम होतं. बस सुटताना खिडकीतून त्यांनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली. "तिकडं पसरायला गवत कुठलं? तू ठेव."

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी जनवाड्याची ती दोन वर्षं लाल शाईनं खोडली आणि मला तरीही ठेवलं. का, ते त्यांनाच ठाऊक.

आता मी जाळीआधी घोंगडी पसरतो. गेल्या महिन्यात संतपूरच्या माळावर तासभर उकिडवा बसलो होतो. गवत हलवलं, वाट पाहिली, पुन्हा हलवलं. मातकट सतरा. हिरव्यांच्या रकान्यापाशी पेन कितीतरी वेळ थांबलं. मग शून्य लिहिलं.

जड जातं, अण्णा.