विघस

भाऊशास्त्री जेवून उठले की त्यांचं ताट बघवत नसे. चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा, अर्धी चावलेली मिरची, काठाला पुसलेली कढीची बोटं. त्याच ताटात काकू स्वतःचा भात वाढून घेत.

धारला आम्ही शेजारी होतो. ते निवृत्त संस्कृत शिक्षक, घराणं जुनं संस्थानी. सत्तरच्या दशकात, बी.ए.ला असताना, मी दुपारी त्यांच्याकडे शिकायला जाई. शिकवत अप्रतिम.

एकदा न राहवून विचारलं, "काकू, दुसरं ताट नाही का?"

उत्तर भाऊशास्त्रींनी दिलं. "याला विघस म्हणतात. घस् म्हणजे खाणं. विघस म्हणजे खाऊन उरलेलं. ते खाणाऱ्याला मोठं पुण्य. समझी क्या?" दम नेहमी हिंदीत.

कॉलेजात कोश उघडला. शब्द खरा, व्युत्पत्तीही खरी. पण पाहुणे, आश्रित, नोकर जेवल्यावर भांड्यात उरतं ते विघस, आणि ते घरधन्याने बायकोसह खायचं. कुणाच्या ताटातल्या चोथ्याचा तिथे उल्लेखही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण होताच मी उतारा वाचून दाखवला. काकू ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

"म्हणजे यांनीही मागून जेवायचं?" त्यांनी मला विचारलं.

"पुस्तकातलं वेगळं, घरची रीत वेगळी," भाऊशास्त्री म्हणाले. "बैस, जेवून घे."

काकूंनी ते ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. फळीवरून धुतलेलं ताट काढलं, भात वाढून घेतला आणि त्यांच्यासमोरच जेवायला बसल्या.

"उद्यापासून ही पोरगी घरात नको!" ते ओरडले.

काकूंनी भातावर ताक ओतून घेतलं. माझं शिकणं मात्र तिथेच थांबलं.

पुढे मी देवासच्या शाळेत लागले. ऐंशीनंतर त्यांच्या मुलाला तिथल्या कारखान्यात नोकरी मिळाली, तेही देवासला आले. काकू गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. काकूंना जाऊन महिनाही झाला नव्हता.

भाऊशास्त्रींनी मला ओळखलं. "तू माझं घर नासवलंस," म्हणाले. "मरेपर्यंत तिने माझ्या ताटात घास घेतला नाही."

चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या बाईबद्दल त्यांना एवढंच सांगायचं होतं. मला शिसारी आली. मला येतं ते सगळं संस्कृत त्यांनीच दिलेलं. पाया पडायचं, असं ठरवूनच घरून निघाले होते. पण वाकवेना. तशीच उठून बाहेर आले.