रूथमावशीचे ओले हात

आज सकाळी सोसायटीत पाणी आलं नाही आणि आपल्या ग्रुपवर काय तो आरडाओरडा! आंघोळ राहिली म्हणून मीही वैतागले होते. तेवढ्यात रूथमावशी आठवली.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोरिवलीला राहायचो. मावशी शेजारची, बेने इस्रायली ज्यू. किप्पूरच्या, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाला ती पाण्याचा थेंब प्यायची नाही आणि आंघोळही करायची नाही. आमच्याकडे आंघोळीशिवाय उपास सुरूच होत नाही, त्यामुळे मला ते अजबच वाटायचं.

अशाच एका उपासाला मी जिन्यात पडले, गुडघा फुटला. आई ऑफिसात. मावशीनेच मला मोरीत नेऊन नळाखाली जखम धुतली. ऑक्टोबरचा उकाडा, तिच्या डोळ्यांत घाम उतरत होता, ओठ सुकलेले.

"मावशी, तोंडावर पाणी मार ना!"

"आज नाही गं. तुझं रक्त धुणं हे काम. माझं तोंड धुणं हे सुख."

तिने हात आधी कोरडे पुसले, मगच पदराने घाम टिपला. मी दुखणं विसरून बघतच राहिले.

दुपारी पाणी आलं. म्हटलं, आज मावशीसारखे नुसते हात धुवायचे, तोंडाला पाणी लावायचं नाही, बस. बापरे! नळ बंद करायच्या आत चेहरा ओला झाला होता.

तुम्हाला जमतंय का, बघा बरं.